सार्वजनिक जमीन आणि मध्यमवर्गाचे घर

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्यापाशी निदान जागा तरी असावी. मोठ्या शहरातील पगारदार माणसाची विवंचना विटा-चुन्याच्याही आधी, जमिनीपासून सुरू होते. शेजारून रस्ता गेला, नळ आला, शाळा निघाली, की पडीक जमिनीलाही सोन्याचा भाव येतो. ही वाढ मालकाच्या श्रमातून येत नाही. ती साऱ्या शहराची कमाई असते. मग तिच्यावर हक्क कोणाचा?

दिल्लीने या प्रश्नाचे एक धीट उत्तर देऊन पाहिले. फाळणीनंतर निर्वासितांनी दाटून गेलेल्या त्या शहरासाठी १९५७ साली विकास प्राधिकरण स्थापन झाले. १९६१ साली केंद्र सरकारने धोरण ठरविले, की शहराच्या वाढीस लागणारी जमीन घाऊक संपादन करावी, रस्ते-पाण्याची सोय करावी आणि मग ती भाडेपट्ट्याने द्यावी. येणारा पैसा फिरत्या निधीत जाऊन पुढील संपादनास लागावा. ज्याचे दिल्लीत घर आहे, त्याला दुसरे मिळू नये. भूखंड पुढे विकला गेलाच, तर आयत्या वाढलेल्या किमतीचा निम्मा वाटा सरकारजमा व्हावा. विचार न्याय्य होता.

कसोटी लागली ती अंमलबजावणीत. १९७९ साली प्राधिकरणाने जनता, अल्प उत्पन्न आणि मध्यम उत्पन्न अशा तीन गटांसाठी नावनोंदणी केली. सुमारे १,७१,००० कुटुंबांनी अनामत भरली. तेवढी घरे तयार नव्हती. लवकर होण्यासारखीही नव्हती. घराची किंमत नोंदणीच्या दिवशी ठरत नसे, वाटपाच्या वेळी ठरे. त्यामुळे वाट पाहणाऱ्याची बचत पुढे सरके आणि घराची किंमत तिच्याही पुढे धावे. अनेकांच्या बाबतीत तरुणपणी भरलेल्या अर्जाचे घर निवृत्तीच्या सुमारास हाती आले.

दुसरीकडे विक्रीवरचे निर्बंध कागदावरच राहिले. मुखत्यारपत्रावर घरे हातोहात विकली जाऊ लागली, आणि समाजाचा वाटा बुडाला. १९९२ पासून सरकारने शुल्क घेऊन भाडेपट्ट्याचे पूर्ण मालकीत रूपांतर करण्यास वाट दिली. त्यात मुखत्यारपत्रधारकांचाही समावेश होता. केवळ मुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले. पण तोवर बराच व्यवहार होऊन गेला होता.

याहून जुना आणि लहान प्रयोग मुंबईत आढळतो. गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. इमारती संस्थेच्या; सभासद एकाच वेळी भागधारक आणि भाडेकरू. घर राहण्यासाठी होते, विकून नफा काढण्यासाठी नव्हते. शेजाऱ्यांची परस्परांवर नजर असल्यामुळे नियम पाळण्यासाठी वेगळ्या निरीक्षकाची गरज भासली नाही.

या दोन अनुभवांतून नियोजकाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हाती असलेल्या जमिनीत जितकी घरे बसतात, तितकीच नावे नोंदवावीत. किंमत ठरविण्याचे सूत्र अर्जाच्या दिवशीच जाहीर करावे. पुनर्विक्रीचे निर्बंध पाळता येतील इतके सोपे असावेत. न पाळला जाणारा निर्बंध प्रामाणिक माणसालाच तेवढा जाचतो. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, सार्वजनिक जमीन एकदाच विकता येते. ती एका पिढीला दिलासा देण्यात खर्ची घालावी, की पुढील पिढ्यांसाठी राखून वापरावी, याचा निर्णय पहिली वीट ठेवण्यापूर्वीच करावा लागतो.