बालकांची नेत्रतपासणी : स्वागताध्यक्षांचे भाषण

अध्यक्षमहोदय, नेत्रतज्ज्ञ, शिक्षक आणि अंगणवाडीसेविका बंधुभगिनींनो,

ज्या पालघरात फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, तेथेच बालकांच्या दृष्टीचा विचार करण्यासाठी आपण दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलात, याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

दोन्ही डोळ्यांना दूरचे अंधुक दिसणारे मूल फळ्याजवळ सरकते, डोळे बारीक करते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, आणि दक्ष गुरुजींच्या ते ध्यानात येते. परंतु ज्याचा एक डोळा निकोप असून दुसऱ्याला मोठा नंबर आहे, ते मूल धावते, खेळते, वाचते, आणि आपल्याला काही कमी दिसते याची जाणीवच नसल्यामुळे कधी तक्रार करीत नाही. इकडे मेंदू मात्र त्या अंधुक डोळ्याची दखल घेणे हळूहळू सोडून देतो, आणि पुढे मोठेपणी उत्तम चष्मा दिला तरी त्या डोळ्यास पूर्ण दृष्टी लाभत नाही. हाच आळशी डोळा. दृष्टीची घडण मुख्यतः सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत होते. तोवर योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्या उपायाने पुष्कळ मुलांची दृष्टी सुधारते. नंतरचे प्रयत्न अगदीच निष्फळ ठरतात असे नव्हे, पण यशाचे प्रमाण घटत जाते. म्हणून ही तपासणी अंगणवाडीतच सुरू व्हावी, आणि ती एकेका डोळ्याची स्वतंत्रपणे व्हावी, असा माझा आग्रह आहे.

तक्त्यावरील 'ई' या इंग्रजी अक्षराच्या रेघा ज्या दिशेला वळल्या असतील तिकडे बोटे दाखविण्यास अक्षरओळख नसलेले बालकही पटकन शिकते. मात्र त्यालाच हाताने डोळा झाकावयास सांगितले, की ते बोटांच्या फटीतून पाहते, आणि दप्तरी 'दृष्टी सामान्य' अशी नोंद होऊन बसते. डोळा न दाबता तपासणाऱ्यानेच तळहाताने तो झाकावा, एवढी खबरदारी एका मुलाचा डोळा वाचवू शकते.

नंबर काढून दिला म्हणजे कार्य संपले, हा समजही सोडला पाहिजे. चांगला डोळा झाकलेले मूल चिडते, अडखळते, पट्टी ओढून काढते, आणि आईचाही धीर सुटतो. मुलीला चष्मा लागला म्हणून तिच्या लग्नाच्या काळजीने तो पेटीतच ठेवणारी घरेही आहेत. अशा घरी पुन्हा पुन्हा जाण्याची तजवीज या परिषदेच्या ठरावांत व्हावी, अशी विनंती करून मी अध्यक्षमहोदयांना कामकाजास आरंभ करण्याची प्रार्थना करतो.