‘आपली’ भाषा बोलणारी तीन गावे



इटलीत आड्रियाटिक समुद्राच्या बाजूस मोलिझे नावाचा एक लहानसा डोंगराळ प्रांत आहे. तेथील आक्वाविवा कोल्लेक्रोचे, सान फेलिचे व मोंतेमित्रो या तीन खेड्यांतील जुन्या माणसास, आपण कोणत्या भाषेत बोलता, असे विचाराल तर तो ‘ना-नाशो’ असे उत्तर देईल. ना-नाशो म्हणजे आपल्या रीतीने! याहून निराळे नाव त्यांनी आपल्या बोलीस दिले नव्हते. नाव ठेवले ते शेजाऱ्यांनी. ते त्यांना ‘स्लाव्ह’ म्हणत.

मग हे लोक मूळचे कोण? पंधराव्या-सोळाव्या शतकांत तुर्कांच्या स्वाऱ्यांमुळे समुद्रापलीकडील डाल्मेशियाच्या बाजूने ते येथे आले, असे मानतात. परंतु याबाबतीत कागदापेक्षा त्यांच्या तोंडचा शब्दच मोठा साक्षीदार आहे. प्रमाण क्रोएशियन भाषेत मुलांना ‘द्येत्सा’ म्हणतात, तर ही माणसे ‘दित्सा’ म्हणतात. हा इकार डाल्मेशियात व तिच्या पाठीमागील मुलखात आजही ऐकू येतो. 1911 साली मिलान रेशेतार या पंडिताने या वसाहतींवर व्हिएन्ना येथे ग्रंथच प्रसिद्ध केला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धर्म त्यांचा व शेजाऱ्यांचा एकच, कॅथॉलिक. धर्माने जवळ आणूनही हे लोक शतकानुशतके निराळे राहिले, ते केवळ भाषेमुळे. समाजाचे वेगळेपण धर्मावरच ठरते असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

राज्यकर्त्यांना मात्र हे वेगळेपण खुपले. सान फेलिचेच्या नावापुढे पूर्वी ‘स्लाव्हो’ हा शब्द होता. मुसोलिनीच्या राजवटीत तो पुसून तेथे ‘लित्तोरियो’ हे फॅसिस्टांचे बिरुद चिकटविण्यात आले. ती राजवट गेली, बिरुदही गेले. पण ‘स्लाव्हो’ काही परत आले नाही. आज त्या गावास सान फेलिचे देल मोलिझे म्हणतात.

पुढे 1999 साली इटलीने 482 क्रमांकाचा कायदा करून बारा भाषिक अल्पसंख्य समाजांना संरक्षण दिले. त्यांत या लोकांचा समावेश ‘क्रोएशियन’ या नावाने झाला. ज्या नावाने आजोबांनी स्वतःला कधी ओळखले नाही, त्या नावाने नातवास हक्क मिळाला! यात मला लबाडी दिसत नाही. ‘आपली’ या नावाची भाषा कायद्याच्या कोणत्या रकान्यात बसणार?

हक्क मिळाला तो उशिरा. तोपर्यंत पोटासाठी कित्येक कुटुंबे शहरांकडे व दूर ऑस्ट्रेलियात गेली होती, आणि गावच्या शाळेत ती भाषा शिकावयास मुलेच थोडी उरली होती.