उंबऱ्याजवळची चित्रे



आज मी एका लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. लहान म्हणजे मोजून लहान : सहा इंच बाय आठ इंच. एवढ्याशा पुठ्ठ्यावर तैलरंगात काढलेले घरातल्या तांब्याचे, नाहीतर घरामागच्या माळाचे चित्र.

मुलांना निसर्गचित्र काढा म्हटले की बहुतेक जण दोन डोंगर काढतात, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीत शिडाची होडी आणि काठाला नारळाचे झाड. बाबांनो, आपल्या बीड जिल्ह्यात शिडाची होडी तुम्ही कुठे पाहिलीत? ते चित्र कॅलेंडरावरचे आहे. उन्हाळ्यातली बिंदुसरा, खजाना विहिरीचा काळा दगड, बालाघाटाचे सपाट माथ्याचे डोंगर, बांधावरची एकटी बाभूळ हे रोज डोळ्यांपुढे असते, पण वहीत उतरत नाही. कारण हे काढण्याजोगे आहे असे मुलाला कुणी सांगितलेलेच नसते. आपल्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत येते ते दुष्काळ आणि ऊसतोडीच्या निमित्ताने. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण आपल्या गावात बघण्यासारखे काहीच नाही असे ज्या मुलाला लहानपणीच वाटू लागते, त्याच्या नुकसानीची आणेवारी कोणी लावत नाही.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे नाव इथे किती पालकांनी ऐकले आहे? हे चित्रकार आपल्याच समाजातले. घरात कुराणशरीफच्या प्रती हाताने लिहिण्याची परंपरा. ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. मोठ्या शहरात राहून श्रीमंतांची व्यक्तिचित्रे काढणे त्यांना अवघड नव्हते. पण ते आपल्या गावी परतले. कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून रंकाळा, संध्यामठ, पंचगंगेचा परिसर हेच विषय ते पुन्हा पुन्हा रंगवीत राहिले. १९३१ साली ते वारले. कोल्हापुरात निसर्गचित्रणाची जी मोठी परंपरा पुढे वाढली, तिच्या मुळाशी हा माणूस आहे. त्यांचे सगळे विषय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते!

वस्तुचित्राचेही तसेच. इटलीतील बोलोन्या शहरात जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) नावाचे चित्रकार होऊन गेले. बहिणींबरोबर राहत, ज्या खोलीत झोपत त्याच खोलीत चित्रे काढत. सामान काय, तर बाटल्या, बरण्या आणि डबे. तेच पुन्हा नव्याने मांडायचे आणि लहान आकारात रंगवायचे. आज त्या बाटल्यांची चित्रे जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत लागलेली आहेत. आपल्या घरातली चहाची किटली, कंदील, वजूचा लोटा, भाकरीची दुरडी यांत काय कमी आहे?

तैलरंग म्हटले की महागडी, परकी वस्तू वाटते. तिच्या पोटात काय असते ते पाहा. तैलरंग म्हणजे रंगाची पूड आणि तेल. हे तेल बहुधा जवसाचे असते. आपल्या रब्बीतले, चटणीचे जवस! पांढऱ्या आणि फिक्या रंगांसाठी काही कारखाने करडईचे तेल घेतात, कारण ते कमी पिवळे पडते. ही तेले पाण्यासारखी उडून जात नाहीत, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात. भुईमुगाचे तेल असे सुकत नाही, म्हणून ते निरुपयोगी. (स्वयंपाकघरातली बाटली मात्र पळवू नका. चित्रांसाठी शुद्ध केलेले जवसाचे तेल दुकानात वेगळे मिळते.)

सुरुवातीला पाच नळ्या पुरतात : पांढरा, यलो ओकर म्हणजे पिवळी माती, गेरूसारखा तांबडा, अल्ट्रामरीन निळा आणि काळा. हिरवा घेऊच नका. काळ्यात पिवळी माती मिसळली की मळकट हिरवा तयार होतो, आणि आपल्या बाभळीला तोच लागतो. पुठ्ठ्याला आधी सरसाचा पातळ हात देऊन मग पांढरा प्रायमर लावा, नाहीतर तेल पुठ्ठ्यात मुरते. रंगाचा पहिला हात टर्पेंटाइनने पातळ केलेला असावा, वरच्या हातांत तेल जास्त. उलट केले तर वरचा थर आधी आवळतो, खालचा हलत राहतो आणि चित्र तडकते.

माळावर बसायचे ते सकाळी सात ते साडेआठ. दुपारी बाराचे आपल्याकडचे ऊन सगळे सपाट करून टाकते. डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक तपशील जातो आणि उजेड-अंधाराचे तीन-चार तुकडे उरतात. आधी तेच मांडा. दीड तासाने थांबा, कारण तोवर सावली सरकलेली असते. चित्र लहान ठेवायचे ते याचसाठी.

फोटो तर मोबाईलवर निघतो, असे तुम्ही म्हणाल. निघतो, क्षणात निघतो आणि तितक्याच लवकर विसरतो. माळवदाच्या घराची पांढरी भिंत दीड तास पाहिलेल्या मुलाला विचारा. ती सावलीत निळसर दिसते, ओल कुठपर्यंत चढली आहे, हे तो सांगेल. अशी माळवदे आता पडत चालली आहेत आणि त्यांच्या जागी स्लॅब येत आहेत. ती कुणी रंगवायची?

पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. सजीवांच्या चित्रांविषयी आपल्यात मतभेद आहेत, त्यात मी शिरत नाही. डोंगर, झाड आणि लोटा यांना त्या वादाची झळ लागत नाही. पोटापाण्याचे विचाराल, तर चित्रे विकून घर चालवणारे थोडेच, हे मी लपवणार नाही. मात्र शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्राला स्थान आहे, आणि पुढे ज्याला कलाशिक्षक व्हायचे किंवा जे. जे.ला जायचे त्याचा हात इथेच बसतो. मुलींना माळावर एकटे बसता येत नाही, ही अडचण खरी आहे. पण वस्तुचित्राला एक खिडकी पुरते, आणि ती खिडकी त्यांना द्या. एक दक्षता मात्र घ्या. टर्पेंटाइन पेट घेते, त्याचा वास खोलीत कोंडू देऊ नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या तापून आपोआप पेटू शकतात. त्या बाहेर पसरून वाळवा.

पहिले चित्र कशाचे काढावे, असे विद्यार्थी विचारतील. मी सीताफळ सांगेन. बालाघाटाच्या उतारांवर ते आपसूक वाढते, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. प्रत्येक डोळ्याला वर उजेड, खाली सावली. भेगांत मलईसारखा पिवळा आणि वर राखेसारखी भुकटी. हंगामात एक कच्चे फळ बाजूला काढा, खिडकीत ठेवा आणि घरच्यांना बजावून ठेवा की याला हात लावू नका. दोन-तीन दिवसांत ते पिकून काळपट पडू लागते, तेवढ्यात चित्र पुरे झाले पाहिजे.