सर्वांत धाकटा उतारू

जहाजावर खोली कोणत्या बाजूची घ्यावी, ही चिंता काही आजची नाही. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायतेहून मुंबईस येणाऱ्या आगबोटी तांबड्या समुद्रातून ये-जा करू लागल्या. त्या समुद्रातला उकाडा प्रसिद्धच आहे, आणि वातानुकूलनाची सोय त्या काळी नव्हती. तेव्हा हिंदुस्थानकडे येताना डाव्या अंगाची आणि परत जाताना उजव्या अंगाची खोली मिळवावी, म्हणजे उन्हाचा ताप कमी होतो, असे म्हटले जाई. ‘जाताना डावी, येताना उजवी’ या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘पॉश’ हा शब्द तयार झाला, अशी एक मजेदार कथाही त्यातूनच निघाली. अशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही, आणि व्युत्पत्तीचे अभ्यासक ती कथा मानीत नाहीत. मात्र कथा खोटी असली तरी तिच्यामागची काळजी खरी होती. समुद्रावर माणसाला दुसरे घर नसते. मिळालेल्या चार भिंतींतच त्याला दिवस काढावे लागतात.

पुढे आगबोटींचा हेतूच पालटला. पूर्वी कोठे तरी पोहोचण्यासाठी माणसे जहाजात बसत. आता जहाजावर राहणे हाच प्रवास झाला आहे. या सागरी सहलींना ‘क्रूझ’ हे नाव मराठीतही रुळले आहे. मुंबई बंदरातून २०२१ च्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाने गोवा आणि लक्षद्वीपकडे अशा सहली सुरू केल्या. सिंगापूर किंवा दुबईस जाऊन तेथून जहाज पकडणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. मुंबई-पुण्याप्रमाणेच इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथील मराठी घरांतही आता हा बेत शिजू लागला आहे. घरात दीड-दोन वर्षांचे मूल असते, आजी-आजोबांना सोबत न्यायचे असते, आणि रंगीत माहितीपत्रकातला सूर्यास्त सर्वांच्या डोळ्यांपुढे असतो.

या साऱ्या मंडळींत एका उतारूचे मत कोणी घेतलेले नसते. तो उतारू सर्वांत धाकटा. सूर्यास्ताशी त्याला कर्तव्य नसते. दार कोठे उघडते, पायरी किती उंच आहे, कोणत्या खुर्चीवर चढता येते, याकडे त्याचे लक्ष असते. दुपारची झोप मोडली की तो साऱ्या कुटुंबाचा दिवस मोडतो. म्हणून लहान मुले असलेल्या कुटुंबाने जहाज आणि केबिन निवडताना या धाकट्याच्या मापाने निवड करावी, हे शहाणपणाचे आहे. त्याचे जमले की इतरांचे आपोआप जमते.

पहिला प्रश्न वयाचा. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालील बालकास जहाजावर घेत नाहीत. महासागर ओलांडणाऱ्या किंवा लागोपाठ अनेक दिवस किनारा न दिसणाऱ्या फेरीसाठी ही अट बहुधा एक वर्षाची असते. या नियमामागे कठोरपणा नसून विवेक आहे. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो. पण तेथे बालरोगतज्ज्ञ मिळेलच असे नाही, आणि भर समुद्रात मूल एकाएकी अत्यवस्थ झाले तर मोठे इस्पितळ गाठावयास वेळ लागतो. म्हणून पहिल्याच खेपेस सात-आठ रात्रींचा बेत करण्यापेक्षा दोन-तीन रात्रींची फेरी घ्यावी. घरापासून जवळचे बंदर निवडावे, म्हणजे विमानाचा शीण, मध्यरात्रीचे जागरण आणि जहाजाची नवलाई हे तिन्ही एकाच दिवशी मुलाच्या अंगावर येत नाहीत.

दुसरा प्रश्न ऋतूचा. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर या काळात कसा असतो, हे किनाऱ्यावरच्या माणसास सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली, ही आठवण कोकणात अद्याप पुसलेली नाही. आजच्या प्रचंड जहाजांची तुलना त्या छोट्या आगबोटीशी करण्याचे कारण नाही. तथापि जहाज सुरक्षित असणे निराळे आणि आतल्या बालकास स्वस्थ वाटणे निराळे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघावयाचे असेल, तर पावसाळा सरून समुद्र निवळल्यानंतरचे महिने उत्तम.

‘बोट लागणे’ हा आपल्या भाषेतील नेमका शब्दप्रयोग. आश्चर्य वाटेल, पण दोन वर्षांखालील मुलांना बोट क्वचितच लागते. त्यापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मात्र ती मोठ्यांपेक्षा अधिक लागते. औषधाच्या बाबतीत येथे सावध राहावे. प्रवासात सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत प्रोमेथाझिन हे द्रव्य असते, आणि दोन वर्षांखालील बालकास ते देणे श्वासाच्या दृष्टीने धोक्याचे ठरते. वडील माणसांच्या गोळीचा तुकडा मोडून मुलास देण्याची सवय म्हणूनच सोडली पाहिजे. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता केबिनकडे वळू. ती जहाजाच्या कोणत्या भागात असावी, याचे उत्तर बागेतल्या सी-सॉच्या फळीवर मिळते. फळीच्या टोकाला बसलेले मूल सर्वाधिक वरखाली होते. मध्यावर बसलेले जवळजवळ स्थिर राहते. जहाजही तसेच. लाटांवर ते दोन तऱ्हांनी हलते. एकदा या कुशीवरून त्या कुशीवर, आणि एकदा पुढचे टोक वर उचलून मागचे खाली. आधुनिक जहाजांच्या पोटाशी माशाच्या परांसारखी पाती बसविलेली असतात. ती पहिली हालचाल पुष्कळ कमी करतात, पण दुसरीवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून लांबीच्या मध्यावरची आणि शक्य तितक्या खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. ती बहुधा स्वस्तही असते, हा आणखी एक लाभ.

यानंतर आवाजाचा विचार. जहाजाचा नकाशा प्रत्येक कंपनी देते. तो सूर्यास्ताच्या चित्रापेक्षा अधिक बारकाईने पाहावा. आपल्या केबिनच्या वरच्या आणि खालच्या डेकवर काय आहे ते शोधावे. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकविण्याचा आवाज येईल. खाली नाटकगृह असेल तर रात्री ढोल ऐकू येईल. वर आणि खाली, दोन्हीकडे लोकांच्या निजण्याच्या खोल्या असाव्यात, हा साधा नियम. उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, चार-सहा दारे अलीकडे असावी. अगदी दाराशी नको आणि बाबागाडी ढकलून थकवा येईल इतकी दूरही नको. केबिनचे दार अरुंद असते, म्हणून बाबागाडी सडपातळ व घडी होणारी न्यावी.

केबिनचे साधारण तीन प्रकार असतात. आतली खोली, जिला खिडकीच नसते. खिडकीची खोली, जिची काच उघडत नाही. आणि सज्जाची खोली, म्हणजे बाल्कनी असलेली. अनेक जहाजांवर साधी केबिन दीडशे ते दोनशे चौरस फुटांच्या आसपास असते. मुंबईच्या चाळीत एकशेसाठ चौरस फुटांत संसार केलेल्या पिढीला हे माप अपरिचित नाही. इतक्या जागेत मूल वाढविताना प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी लागते, हेही ती पिढी जाणते. मुलासाठी घडीचा पाळणा बहुतेक जहाजांवर मागितल्यास मिळतो. तो मांडल्यावर न्हाणीघराचे दार उघडते की नाही, इतका साधा प्रश्न आधी विचारून घ्यावा.

आतली खोली भरदिवसा गडद अंधारी करता येते, आणि मुलाच्या झोपेला अंधारासारखा मित्र नाही. पण रात्री आठ वाजता मूल निजले की आई-वडिलांनाही त्याच अंधारात, कुजबुजत, दहा वाजण्याची वाट पाहावी लागते. सज्जाच्या खोलीत ही अडचण नाहीशी होते. आत मूल झोपते, काचेच्या दारापलीकडे दोघे समुद्राचा वारा खात बसतात. सज्जासाठी पैसे मोजण्याचे हेच खरे कारण होय.

परंतु याच सज्जात सर्वांत मोठा धोकाही आहे. जहाजाचा कठडा किमान एक मीटर उंच असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दोन वर्षांचे मूल त्यावरून आपण होऊन पडत नाही. खुर्चीवर चढले, तर मात्र पडू शकते. शिवाय धोका केवळ मुलाच्या खोडकरपणातून येतो असेही नाही. २०१९ साली पोर्टो रिकोतील एका बंदरात उभ्या असलेल्या जहाजाच्या उघड्या खिडकीतून दीड वर्षाचे बालक पडून मरण पावले. त्या वेळी ते घरच्याच मायेच्या हातांत होते. माया आणि सावधपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या घटनेने दाखविले. म्हणून सज्जा घेणाऱ्या कुटुंबाने तीन नियम पाळावेत. खुर्च्या कठड्यापासून दूर ठेवाव्यात आणि बसणे झाले की आत घ्याव्यात. काचेच्या दाराची वरची कडी सदैव लावलेली असावी. आणि कौतुकाने समुद्र दाखविण्यासाठीसुद्धा मुलास कठड्याशी उचलून धरू नये. हे तीन नियम साऱ्या मंडळींकडून पाळले जातील अशी खात्री नसेल, तर न उघडणाऱ्या खिडकीची खोली घ्यावी. तिच्यासमोर जीवरक्षक होडी टांगलेली असेल तर दृश्य अडते म्हणून ती स्वस्त मिळते. मोठी माणसे हिरमुसतात, पण धाकट्या उतारूला समुद्रापेक्षा ती होडीच अधिक आवडते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तान्हे मूलही जहाजाच्या हिशेबी पुरा एक उतारू असते. आगगाडीत मांडीवर बसवून चालते, येथे चालत नाही. कारण जीवरक्षक होडीत त्याची जागा मोजलेली असते. तिघांच्या केबिनमध्ये चौथे बालक चालत नाही, म्हणून संख्या आधीच कळवावी. आजी-आजोबा सोबत असतील तर मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिन घ्याव्यात. मूल एकीकडे झोपते, गप्पा दुसरीकडे रंगतात, आणि आई-वडिलांनाही तासभर मोकळीक मिळते.

ही मोकळीक पाळणाघरातून मिळेल असे गृहीत धरू नये. मुलांची मंडळे बहुतेक जहाजांवर तीन वर्षांपुढील मुलांसाठी असतात, आणि शी-शूची सवय लागलेली असावी अशी अट असते. ‘डिस्ने’ किंवा ‘रॉयल कॅरिबियन’ यांच्या पुष्कळ जहाजांवर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बालकांचे पाळणाघर आहे, पण त्याचे तासाप्रमाणे शुल्क पडते. तलावाचेही तसेच. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांवर तेथील आरोग्य नियमांप्रमाणे लंगोटातील मुलास सामान्य तलावात उतरविता येत नाही. पोहण्याचा खास लंगोट घातला तरीही नाही. काही जहाजांवर अशा बालकांसाठी वेगळे गाळणयंत्र असलेली पाण्याची जागा असते. ज्या घरचे मूल पाणी दिसताच कपड्यांसह धावते, त्या घराने हे तिकिटाआधी विचारावे. जहाजावर चढल्यावर मुलाची समजूत काढणे कोणालाच साधलेले नाही.

खाण्याचा प्रश्न आपल्या घरांत जिव्हाळ्याचा. खोलीत विजेची किटली लावून खिमट शिजवू, असा बेत केलेला असेल तर तो सोडावा. आगीच्या भयाने बहुतेक कंपन्या केबिनमध्ये किटली वा शेगडी वापरू देत नाहीत. गरम पाणी आणि मऊ भात मात्र मागितल्यास मिळतो. संध्याकाळच्या जेवणाची लवकरची पंगत निवडावी. न्हाणीघरात बहुधा फवाराच असतो आणि लहान मुले त्याला भितात. घरून नेलेला प्लॅस्टिकचा एक तांब्या तेथे मोठे काम करतो. पोट बिघडविणारा नोरो विषाणू जहाजांवर झपाट्याने पसरतो. त्यावर बाटलीतल्या जंतुनाशकापेक्षा साबण आणि वाहते पाणी अधिक गुणकारी आहे. जेवणाआधी हात धुण्याचा आपला जुना आग्रह येथे शास्त्राला धरूनच आहे.

आणि शेवटी, जहाजावर पाऊल ठेवताच करावयाचे काम. आणीबाणीची कवायत ही पुष्कळांना कंटाळवाणी वाटते. पण चोवीस तास किंवा त्याहून अधिक लांबीच्या सफरीवर प्रत्येक तान्ह्या बालकामागे त्याच्या मापाचे एक जीवरक्षक जाकीट जहाजावर असलेच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पंधरा किलोंखालील बालकाचे जाकीट निराळे, त्यावरील मुलाचे निराळे. ते आपल्या मुलासाठी कोठे ठेवले आहे हे विचारून घ्यावे, आणि हसतखेळत ते एकदा त्याच्या अंगावर चढवून पाहावे. कपाटात माप चुकलेले जाकीट असणे हे जाकीट नसण्यासारखेच आहे.

एवढे झाले म्हणजे सहल निर्धास्तपणे करावी. मूल त्यातले काय लक्षात ठेवील, असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी विचारतात. दोन वर्षांच्या मुलाला गोव्याचा किनारा पुढे आठवणार नाही, हे खरे. पण आपल्याला वेळेवर झोप मिळाली, सभोवतालचे चेहरे हसरे होते, आणि हलणाऱ्या जमिनीवरही कोणाचा तरी हात घट्ट धरलेला होता, हे त्याला त्या दिवसांत पुरेपूर कळत असते. केबिन निवडावयाची ती त्या हाताला उसंत मिळावी म्हणून.