पदवी आणि परवाना

आजपासून ज्यांना विद्यार्थी म्हणता येणार नाही अशा माझ्या सिस्टर्स आणि ब्रदर्स,

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर कुठल्या ना कुठल्या कन्सल्टन्सीचे मेसेज येत असणार. कुणी लंडन दाखवतं, कुणी टोरांटो. जाऊ नका, असं सांगायला मी इथे उभी नाही. मी स्वतः इंग्लंडच्या वॉर्डात राबून आले आहे. ‘इथेच राहून सेवा करा’ हा उपदेश बहुधा तेच करतात, ज्यांनी कंत्राटी नर्सची पगाराची स्लिप कधी पाहिलेली नसते.

पण जायचंच असेल तर एक गोष्ट पक्की बांधून घ्या. परदेशात रुग्णाला हात लावायचा अधिकार विद्यापीठ देत नाही, तिथली नर्सिंगची नियामक संस्था देते. पदवी वेगळी, परवाना वेगळा. ब्रिटनची एक वर्षाची एम.एस्सी. नर्सिंग विकणारे हे सांगत नाहीत. वडिलांची शेती गहाण पडते, मुलगी जाते, अभ्यास करते, गाऊन घालून फोटो काढते आणि तरीही तिथल्या नियामक संस्थेच्या, म्हणजे एनएमसीच्या, रजिस्टरवर तिचं नाव नसतं. मग केअर होममध्ये केअरर म्हणून काम. काम हलकं नाही, वाईटही नाही. पण चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग त्यासाठी केलं नव्हतं. रजिस्टरवर यायला लागतात ते इंग्रजीचे गुण, संगणकावरची सीबीटी आणि प्रत्यक्ष हातांची ओएससीई. यातल्या पहिल्या दोन गोष्टी भारतात बसून होतात आणि त्यांना एम.एस्सी. लागत नाही. सध्या ब्रिटनमधली परदेशी नर्सची भरती बरीच आटली आहे, हेही ऐकून ठेवा. म्हणूनच कर्ज काढण्याआधी विचारायचं, की या अभ्यासक्रमाने रजिस्ट्रेशन मिळतं का? उत्तर लेखी घ्यायचं आणि नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळायचं.

ओएससीईबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तिथे आपल्या मुली अडखळताना मी पाहिल्या आहेत. दहा स्टेशन्स असतात. खाटेवर कधी नट, कधी पुतळा, शेजारी परीक्षक. सुई, कॅथेटर, ड्रेसिंग यात आपला हात चांगला. अडखळतो आपण त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात. स्वतःचं नाव सांगणं, रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून घेऊन मनगटावरच्या पट्टीशी ताडणं, ॲलर्जी विचारणं, ‘करू का?’ म्हणून परवानगी घेणं. चाळीस खाटांना दोन सिस्टर असल्या की माणसाचा ‘बेड नंबर बारा’ होतो, आणि बाराला इंजेक्शन देऊन आपण तेराकडे वळतो. दोष तुमचा नाही, पण सवय तुमच्या अंगात मुरली आहे. ती विमानतळावर गळून पडत नाही. उद्या सकाळच्या ड्यूटीपासून मोडायला घ्या.

इंग्रजीचंही तसंच. व्याकरणापेक्षा निवड नडते. ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखनात रुग्णाची टिपणं देतात आणि दोनशेच्या आसपास शब्दांत दुसऱ्या सहकाऱ्याला पत्र लिहायला सांगतात. आपण शाळेपासून ‘जास्त लिहिलं की जास्त गुण’ यावर वाढलेलो, म्हणून सगळं उतरवून काढतो. बारा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स घरी भेट देणाऱ्या नर्सला आज कशाला हवंय? ते गाळता येणं हाच तिथला अभ्यास.

आता अमेरिकेची परवान्याची परीक्षा, एनक्लेक्स. किमान ८५, कमाल १५० प्रश्न, वेळ पाच तास. तुमच्या उत्तरावरून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. ८५ व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाली तर बाहेर येऊन रडू नका. पास होणारे आणि नापास होणारे, दोघांचीही तिथे बंद होते. मात्र एनक्लेक्स पास म्हणजे अमेरिका नव्हे. नर्सना लागणाऱ्या ग्रीन कार्डाच्या वर्गात भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. ‘दोन वर्षांत पाठवतो’ म्हणणाऱ्या एजंटाला व्हिसा बुलेटिन उघडून दाखवायला सांगा. परीक्षा वाया जात नाही, कारण कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१५ पासून हीच चालते आणि ऑस्ट्रेलियाही हीच घेतो, पुढे ओएससीई. जर्मनीला जाणाऱ्यांनी आधी भाषा शिकावी, बी२ पातळीपर्यंत. त्याला पळवाट नाही.

मग उच्च शिक्षण घ्यायचंच नाही का? घ्या, पण वॉर्डात उभं राहिल्यावर. आपल्याकडे एम.एस्सी. झाली की बहुतेक जणी वॉर्ड सोडून वर्गात जातात; ट्यूटर, मग लेक्चरर. मीही तेच केलं, आणि त्याचं मला फार कौतुक नाही. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये मास्टर्स केलेली नर्स प्रॅक्टिशनर रुग्णाच्या आणखी जवळ जाते, तपासते, निदान करते, औषधं लिहून देते. ब्रिटनमध्ये तर नोकरीत असताना रुग्णालयाच्या पैशाने ते शिक्षण घेणाऱ्या नर्स आहेत. रजिस्ट्रेशन, अनुभव, मग मास्टर्स. हा क्रम उलटा केला की कर्ज उरतं.

पैशांचं म्हणाल, तर भारतीय नियमांनुसार नोंदणीकृत एजंटाला परदेशी नोकरीसाठी उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ब्रिटनची भरतीची आचारसंहिता तर उमेदवाराकडून शुल्क घेऊच देत नाही. लाखांत आकडा ऐकलात की उठून या.

आता शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर नंतर. कुणाच्या मधल्या नावात वडील आहेत, लग्नानंतर तिथे नवरा येईल, आणि नर्सिंग कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर टंकलेखकाच्या कृपेने तिसरंच काहीतरी असेल. परदेशातला तपासनीस ही एकच मुलगी आहे असं गृहीत धरत नाही. तो फाइल बाजूला ठेवतो आणि महिने जातात. लग्न झाल्यावर नाव बदलायचं की नाही, हे सासरी ठरण्याआधी तुम्ही ठरवा; बदलणार असाल तर गॅझेटमध्ये नोंद आधी. आत्ता हातातल्या पदवीच्या कागदावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक सापडली तर जेवायला जाण्यापूर्वी अर्ज द्या. परीक्षा विभागाची खिडकी आज साडेपाचपर्यंत उघडी ठेवायला मी प्राचार्यांना सांगितलं आहे.