जुन्या मोटारीचा विमा

आजच्या भाषणाचा विषय पाहून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. जुनी मोटार ठेवणें हा श्रीमंतांचा षोक. त्याच्याशीं पिंपळीसारख्या खेड्यांतल्या सेवानिवृत्त शिक्षकाचा काय संबंध? परंतु बारामती-इंदापूर भागांत गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपराखालीं ताडपत्रीनें झांकलेल्या कितीतरी गाड्या मीं पाहिल्या आहेत. उसाला चांगला भाव मिळालेल्या वर्षीं कुणाच्या वडिलांनीं, कुणाच्या आज्यांनीं घेतलेल्या त्या गाड्या विकवत नाहींत, आणि वापरावयाच्या म्हटल्या तर कागदपत्रांचा घोळ निस्तरत नाहीं. त्या घोळांतला विम्याचा भाग तेवढा मी आज सांगणार आहें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य; कायद्याचा पंडित नव्हें. पण या विषयाची शिकवणी मला बरीच महाग पडली, म्हणून बोलण्याचा अधिकार घेतों.

आमची गाडी १९६७ सालची फियाट अकराशें. ती मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनींत तयार झाली. ही कंपनी १९४४ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं काढली, आणि इंदापूर तालुक्यांतील कळंब येथें वालचंदनगर वसविणारेहि तेच. तेव्हां या गाडीचें थोडेंसें माहेर आमच्याकडेच आहे, असें माझे वडील अभिमानानें म्हणत. पुढें हीच गाडी प्रीमिअर पद्मिनी या नांवानें मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत तिथल्या रस्त्यांवरूनहि तिनें रजा घेतली. असो, गाडीचें कौतुक करूं लागलों तर वेळ पुरणार नाहीं.

२०२२ सालच्या मार्गशीर्षांतली गोष्ट. विम्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीं संपली होती. ज्या गृहस्थांच्या हातून मी दरसाल विमा उतरवीत असें, ते म्हणाले, “गुरुजी, गाडी वर्षांतून चारदां बाहेर निघते. कशाला पैसे घालवतां? पुढच्या वर्षीं बघूं.” मला तें पटलें, ही चूक माझी. एके सकाळीं कालव्याच्या बाजूच्या रस्त्यानें मी बारामतीकडे निघालों. एक दूधवाला सायकलीला दोन्ही बाजूंस किटल्या अडकवून आडवाटेनें पुढें आला. मीं ब्रेक दाबला. पण कित्येक आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीचा ब्रेक वेळेवर लागला नाहीं. त्याचा पाय मोडला. सारा रस्ता दुधानें पांढरा झाला होता, तें चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाहीं. तो माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. पडल्या पडल्या तो म्हणाला, “गुरुजी, तुम्हांला लागलं नाहीं ना?”

त्याच्या शस्त्रक्रियेचा व चार महिन्यांच्या बुडालेल्या कमाईचा मिळून एक लाख साठ हजारांचा खर्च मीं माझ्या निवृत्तीच्या ठेवींतून दिला. पोलिसांनीं बिनविम्याची गाडी चालविल्याबद्दल दंड केला, तो वेगळाच. आणि किती रुपये वांचविले होते म्हणतां? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत हजार ते पंधराशें घनसेंटिमीटर इंजिनाच्या खासगी मोटारीचा तिऱ्हाइताच्या नुकसानीचा हप्ता ३,४१६ रुपये होता. आमच्या गाडीचें इंजिन १,०८९ चें. अठरा टक्के कर धरून ४,०३१ रुपये होतात. तेवढ्यासाठीं मीं एका गरिबाचा पाय आणि माझी झोंप पणाला लावली.

हा तिऱ्हाइताचा विमा, ज्याला सर्व लोक थर्ड पार्टी म्हणतात, तो ऐच्छिक नाहीं. इंग्लंडांत १९३० च्या कायद्यानें तो सक्तीचा झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यांत त्याचें प्रकरण घातलें गेलें व तें १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. त्या जागीं आतां १९८८ चा कायदा आहे. गाडी कितीहि जुनी असो, वर्षांतून एकदांच निघत असो, सार्वजनिक रस्त्यावर चाक टेकलें कीं विमा हवाच. याचा दर सरकार ठरवितें, म्हणून येथें घासाघीस करण्यांत अर्थ नाहीं. घासाघीस करावयाची ती आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यांत. आणि जुन्या गाडीचा मालक फसतो तोहि तेथेंच.

कसा फसतो तें पाहा. गाडी पांच वर्षांहून जुनी झाली कीं तिची विम्याची किंमत ठरविण्यास कोष्टक नसतें. कंपनी व मालक यांनीं आपसांत ती ठरवावयाची असते. आपण गप्प बसलों, तर समोरचा मनुष्य एखादा किरकोळ आंकडा लिहून टाकतो. माझ्या पूर्वीच्या विमापत्रांत पंचवीस हजार लिहिले होते. हप्ता कमी, म्हणून मीहि खूष! परंतु दुरुस्तीचा खर्च या किंमतीच्या पाऊणपटीहून अधिक झाला, कीं गाडी समूळ गेली असें धरतात. पंचवीस हजारांच्या पाऊणपट म्हणजे १८,७५० रुपये. एक दार व पुढचा पत्रा चेपला तरी एवढा खर्च होतो. मग पंचवीस हजारांच्या आंतबाहेर कांहीं रक्कम हातीं घ्यावयाची आणि वडिलांची गाडी भंगारांत गेलेली पाहावयाची.

दुसरी गोष्ट घटीची. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या सुट्या भागांची निम्मी किंमत कंपनी कापते. रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांचीहि निम्मीच मिळते. मजुरीवर मात्र घट नाहीं. चाळीस हजारांचे पत्र्याचे भाग बसविले तर वीस हजार मिळावयाचे, त्यांतूनहि मालकानें सोसावयाचे हजार वजा. म्हणून सर्वांगीण विम्यासाठीं भरमसाट हप्ता देण्यापूर्वीं हें गणित पाटीवर मांडून पाहावें.

माझा पाय घसरल्यानंतर मीं तीन कचेऱ्यांत खेटे घातले. पहिल्या ठिकाणीं सांगितलें कीं संगणकाच्या यादींत ही गाडीच नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं थर्ड पार्टीखेरीज कांहीं देत नव्हते. तिसऱ्या ठिकाणीं एका तरुण अधिकाऱ्यानें मला बसवून घेतलें. मीं गाडीचे चहूंबाजूंचे व इंजिनाचे फोटो, दुरुस्तीच्या पावत्या आणि आमच्या मिस्त्रीनें सहीनिशीं लिहून दिलेला किंमतीचा अंदाज नेला होता. त्यांनीं गाडी पाहिली व नव्वद हजारांचा आंकडा मान्य केला. तिऱ्हाइताच्या विम्यास केवळ आग व चोरी यांची जोड देतां येते, हेंहि मला तेथेंच कळलें. वर्षाचे अकरा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला आमच्याकडे खरें भय आगीचें. उसाचें पाचट पेटवितात, ठिणग्या उडतात, आणि ताडपत्री क्षणांत पेट घेते. तेव्हां मीं तेवढेंच घेतलें. सर्वांगीण विम्याच्या मानानें हप्ता पुष्कळ कमी आला.

आतां सवलतींविषयीं, कारण येथें शब्दाचा घोटाळा आहे. ‘व्हिंटेज’ हा शब्द दोन ठिकाणीं दोन अर्थांनीं येतो. विम्याच्या २००२ सालच्या जुन्या दरपत्रकांत ३१ डिसेंबर १९४० पूर्वीं तयार झालेली व व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा दाखला असलेली गाडी तेवढी व्हिंटेज. तिला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यांत पंचवीस टक्के सूट, आणि आधीं ठरलेली पूर्ण किंमत घटीशिवाय देणारें विमापत्र. १९६७ च्या फियाटला त्या पंगतींत पाट नाहीं. उलट २०२१ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें झालेली, मूळ स्वरूपांत राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवितां येते. आणि २०२२ च्या दरपत्रकानें अशा नोंदलेल्या गाडीस थर्ड पार्टीचा हप्ता निम्मा केला.

हें ऐकून मी हुरळलों होतों. पण गणिताच्या शिक्षकाला हिशेब केल्यावांचून चैन पडत नाहीं. निम्म्या हप्त्यानें वर्षास १,७०८ रुपये, करासह २,०१५ रुपये वांचतात. दहा वर्षांत सुमारें २०,१५० रुपये. आणि प्रथम व्हिंटेज नोंदणीचें दहा वर्षांचें शुल्क वीस हजार! म्हणजे दहा वर्षांची कमाई दीडशें रुपये. वर अट अशी, कीं ती गाडी नेहमींच्या कामाला वापरावयाची नाहीं. प्रदर्शन, शर्यतीची फेरी, तेल भरणें, दुरुस्ती एवढ्याचसाठीं बाहेर काढावयाची. पुतणीला वरातींतून आणण्याची इच्छा असेल तर तीहि आवरावी लागेल. नेहमींच्या फेरनोंदणीचा व हरित कराचा खर्च मीं यांत धरलेला नाहीं. तो ज्याचा त्यानें धरावा, मग पारडें कुठें झुकतें तें पाहावें. ज्यांची गाडी निव्वळ पाहण्यासाठीं ठेवलेली आहे, त्यांना ही नोंदणी सोयीचीहि पडेल. मीं केली नाहीं.

जितकी गाडी चालेल तितका हप्ता, अशा प्रकारच्या विम्यास २०२२ च्या जुलैंत नियामक मंडळानें परवानगी दिली. जुन्या गाडीस तो मिळतो कीं काय, हें कंपनीला लेखी विचारावें. चालक-मालकाचा पंधरा लाखांचा अपघाती विमा आपल्या दुसऱ्या वाहनावर किंवा स्वतंत्रपणें घेतलेला असल्यास पुन्हां त्याचे पैसे भरूं नयेत. पुष्कळ लोक न वाचतां दोनदां भरतात. आणि मुदत संपूं देऊं नका. नव्वद दिवसांहून अधिक खंड पडला कीं दावा न केल्याबद्दल सांठलेली सूट, जी पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, ती सगळी बुडते, व गाडीची तपासणीहि नव्यानें होते.

माझा तो विद्यार्थी आतां मोटारसायकलवरून दूध घालतो. चालतांना किंचित् लंगडतो. गेल्या महिन्यांत त्यानें आपल्या मोटारसायकलचें विमापत्र माझ्याकडे वाचावयास आणलें, तेव्हां त्याचीहि मुदत आठ दिवसांवर आलेली निघाली. आम्ही दोघे बरोबरच बारामतीस गेलों. माझ्या गाडीची मुदत पुढच्या महिन्यांत संपते. कंपनीचा मनुष्य पाहणीस येणार आहे, तेव्हां छपरापुढचें पाचट या आठवड्यांतच हलवावें लागेल.