गुरुजींना हुरूप कोण देणार?



वडखळचा नाका म्हटला की लोकांना गाड्यांची रांग आठवते. गोव्याचा रस्ता पुढे जातो, अलिबागचा फुटतो, आणि मुंबईचा प्रवासी घटकाभर थांबून चहा घेऊन निघून जातो. या रस्त्याच्या आजूबाजूला खारेपाटातल्या गावांत आणि डोंगराकडच्या वाड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, हे त्याच्या गावीही नसते. त्याचे सोडा, आपल्या तरी कितीसे असते? त्या शाळांतल्या मुलांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज बोलणार आहोत ते तिथल्या गुरुजींविषयी आणि बाईंविषयी.

गुरुजी कामात मन घालीत नाहीत, अशी तक्रार पारावर नेहमी ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मन लागावे म्हणून आपण काय करतो? ठरलेले उपाय दोन : पुरस्कार आणि प्रशिक्षण. ५ सप्टेंबरला एकाच्या खांद्यावर शाल पडते आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. ज्याला शाल मिळाली तो बहुधा शालीवाचूनही काम करणाराच असतो. प्रशिक्षणाची तऱ्हा आणखी वेगळी. राज्याच्या ठिकाणी काही जण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला. वरून सोडलेले पाणी शेवटच्या खाचरापर्यंत किती पोहोचते, हे येथील भातशेती करणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास आपल्या व्यवसायाच्या वाढीसाठी द्यावेत असे म्हटले आहे. हेतू उत्तम आहे. पण ते तास सभागृहातल्या खुर्च्यांवर गेले, तर हजेरीपट तेवढा भरेल.

मग माणूस आपल्या कामात वाढतो तरी कसा? याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. पेणमध्ये गणपतीच्या एखाद्या कारखान्यात जाऊन उभे राहावे. नवा मुलगा येतो तो आधी माती मळतो, साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे पुसतो, मग केव्हातरी त्याच्या हाती रंग येतो. डोळ्यांची आखणी त्याला इतक्यात कोणी करू देत नाही. पण ती करणारा कारागीर त्याच्या शेजारीच बसलेला असतो. मुलगा रोज त्याचा हात पाहतो, आणि कारागीरही मुलाचा हात पाहतो. या दुसऱ्या पाहण्यातच सारे शिक्षण आहे. आता आपल्या गुरुजींकडे पाहा. दोन शिक्षकांची शाळा, चार वर्ग, दुसरे गुरुजी बैठकीला गेलेले. वर्षच्या वर्ष ते शिकवतात, पण त्यांचा हात पाहायला शेजारी कोणीच नसते.

शेजारी माणूस असला म्हणजे काय होते, याचे आपल्याच महाराष्ट्रात दाखले आहेत. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला बालशाळेच्या कामासाठी गेल्या, तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई काही नवशिक्या नव्हत्या; शिक्षिकेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तरी आदिवासी मुलांना कसे शिकवावे, हे त्या ताराबाईंच्या जोडीने, रोजच्या कामातून शिकल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडला गेले. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या, आणि काम थांबले नाही.

कोणी म्हणेल, ही थोर माणसे. सरकारी शाळांचे काय? तर साताऱ्याकडचे कुमठे बीट घ्या. तेथील विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या चाळीसएक शाळांतल्या शिक्षकांना हाताशी धरले, आणि मुलांनी स्वतः हाताळत, गटात बोलत शिकावे अशी रीत वर्गावर्गांतून बसवली. राज्यभरचे शिक्षक ते पाहायला जाऊ लागले. जून २०१५ मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम काढला, तेव्हा या बीटचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. कित्येक ठिकाणी पाहुण्यांनी तिथली रंगवलेली फरशी पाहिली आणि आपल्या शाळेची रंगवून घेतली! रंग विकत मिळतो. वर्गात येऊन बसणारा अधिकारी विकत मिळत नाही.

वास्तविक असा माणूस आपल्या व्यवस्थेत योजलेला आहे. जुन्या काळी डेप्युटी साहेब यायचे ते परीक्षा घ्यायला, आणि मास्तरांच्या पोटात गोळा यायचा. १९९४ साली केंद्रप्रमुख नेमले गेले ते दहाएक शाळांचा हा सोबती व्हावा म्हणून. आज त्या बिचाऱ्याचा दिवस माहितीचे तक्ते गोळा करण्यात जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी कामे सोडून शिक्षकाला इतर कामांना जुंपण्यास मनाई केली. पण फोनवर मागवल्या जाणाऱ्या माहितीला कोणते कलम लावायचे?

याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९६८ साली ‘आचार्यकुल’ स्थापले. शिक्षण हे न्यायखात्याप्रमाणे सरकारच्या हुकमतीबाहेर असावे, असा त्यांचा आग्रह होता. एवढी मजल आपल्याला मारता येईल असे आम्हांस वाटत नाही. पगार सरकारने द्यायचा आणि हुकूम मात्र करायचा नाही, हे कठीण आहे. पण दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. तिच्यात परिपत्रके वाचण्याऐवजी एका शिक्षकाने खऱ्या मुलांना खरा पाठ द्यावा, इतरांनी तो पाहावा आणि नंतर मोकळेपणी बोलावे, याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

आणि आपण? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. ते सह्या करतात, गणवेशाची चौकशी करतात. बाईंनी यंदा नवे काय करून पाहिले, हे विचारणारा पालक आम्हांस क्वचितच भेटला. दिवाळीनंतर कातकऱ्यांची बिऱ्हाडे वीटभट्टीवर जातात, वर्गातली पाच-सहा पोरे दिसेनाशी होतात. पावसाच्या तोंडावर ती परततात तेव्हा मुळाक्षरे विसरलेली असतात. एक बाई दर जूनमध्ये अशा मुलांना घेऊन पुन्हा ‘अ’पासून बसतात. हे आम्हांला त्यांनी सांगितले नाही. सहज वर्गाच्या दारात उभे राहिलो म्हणून दिसले. त्या एवढेच म्हणाल्या, “बरं झालं आलात. नऊ वर्षांत वर्ग बघायला म्हणून कोणी आलं नव्हतं.”